टँक मोठा केला, भांडण तेवढंच राहिलं: खाऱ्या पाण्यात नवा मासा निवडताना

(हे एपिसोडचं लेखी रूप. जिथे मी अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये हेडफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी.)

गेल्या वेळी मी सांगितलं होतं की माझा तीन फुटी टँक गेला आणि हॉलमध्ये सहा फुटी आला. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच, "दादा, आता कुठले कुठले मासे टाकणार?" एकाने तर मला अकरा माशांची यादीच पाठवली, प्रत्येक नावापुढे हार्टचा इमोजी. त्या यादीतला एक मासा बाकीच्या चौघांना खाईल, दोघं एकमेकांना फाडतील आणि एक दोन महिन्यांत उपाशी मरेल. मी हसत नाहीये हं. चार वर्षांपूर्वी माझी यादी याहून वाईट होती, फक्त ती मी कुणाला दाखवली नव्हती.

तर आज त्यावरच बोलू. मीठ कुठलं, स्किमर कुठला, चिलर लागतो का, हे सगळं आज बाजूला. पाणी तयार आहे, टँकचं सायकल पूर्ण झालंय, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू कामाला लागलेत, असं धरून चला. प्रश्न एवढाच की पहिल्यापासून असलेल्या माशांबरोबर नवीन कोण नांदेल.

आधी माप सांगतो. जुना टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १८० लिटर. नवा सहा बाय दोन बाय दोन, म्हणजे जवळजवळ ६५० लिटर. वाळू आणि खडकांची जागा वजा करा. नुसत्या पाण्याचं वजनच साडेसहाशे किलोच्या वर जातं, म्हणून आम्ही तळमजल्यावर राहतो याचा आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. वरच्या मजल्यावर असाल तर मासे सोडा, आधी बिल्डिंगच्या इंजिनिअरशी बोला.

आता गंमत बघा. पाणी साडेतीन पट झालं की आपलं डोकं लगेच म्हणतं, मासेही साडेतीन पट. आणि त्याहून मोठा गैरसमज म्हणजे, जागा वाढली की भांडणं संपतील. मीही तेच धरून चाललो होतो.

माझा पहिला मासा होता डोमिनो डॅमसेल. काळा कुळकुळीत, दोन्ही अंगांना एकेक पांढरा ठिपका आणि कपाळावर तिसरा. आईने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं टिकल्या. तो मी निवडलाच नव्हता. एका दुकानदाराने सांगितलं, "सुरुवातीला हाच टाका, मरत नाही, टँक सेट करून देतो." हा सल्ला खूप वर्षं सगळीकडे दिला जायचा. कच्च्या पाण्यात अमोनिया वाढत असताना एक चिवट मासा सोडायचा, तो सहन करतो, तोवर जिवाणू तयार होतात. आज कृपा करून हे करू नका. बाटलीतला अमोनिया टाकूनही सायकल होतं, त्यासाठी कुणाला जाळायची गरज नाही. पण मला तेव्हा माहीत नव्हतं. टिकल्या खरंच मेला नाही. उलट त्या टँकचा मालक झाला.

मग क्लाउनफिशची जोडी आली. त्यांचं आणि टिकल्याचं कसंबसं जमलं. निसर्गात लहान डोमिनो क्लाउनफिशबरोबर एकाच अ‍ॅनिमोनमध्ये राहतात, कदाचित म्हणून असेल. पण मग मी आणला फायरफिश. पांढरं अंग, शेपटीकडे विस्तवासारखा लाल, पाठीवर एक लांब तुरा. अतिशय सुंदर आणि अतिशय भित्रा. टिकल्याने त्याला पहिल्या दिवशी एका कोपऱ्यात दाबला. दुसऱ्या दिवशी खायला वर येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडच्या मागे, फरशीवर तो वाळलेला सापडला. टिकल्याने त्याला चावून मारलं नव्हतं. पळायला जागा नाही म्हणून त्याने बाहेर उडी मारली होती, आणि वर जाळी न लावणारा मी होतो.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, टँक लहान आहे, मोठा घेतला की होईल ठीक.

मोठा घेतला. टिकल्या आणि क्लाउनफिशची जोडी त्यात नेली. टिकल्याला सहा फूट मिळाले. तो आठ दिवसांत मधल्या सगळ्यात मोठ्या खडकावर बसला आणि तिथून दोन्ही बाजूंना नजर ठेवायला लागला. मी पायजमा कार्डिनल तीन आणले. शांत मासे, दिवसा नुसते तरंगत उभे राहतात, पळापळ त्यांच्या स्वभावातच नाही. पाचव्या दिवशी तिघांचेही पर फाटलेले. एक गेला.

आणि इथे मला कळलं की माझ्यापुढचा प्रश्न वेगळाच आहे. ऑफिसमध्ये आपण एखादं रिलीज बिघडलं तर काय करतो? रोलबॅक. मागचं व्हर्जन परत चढवायचं, दहा मिनिटं शिव्या खायच्या, संपलं. खडकांनी भरलेल्या सहा फुटी टँकमध्ये रोलबॅक नसतो. तुम्ही जाळं घेऊन हात घातला की मासा खडकाच्या भोकात, आणि भोकातला मासा बाहेर येत नाही. एका रविवारी मी आणि माझ्या भावाने अर्धं पाणी ड्रममध्ये काढलं, एकेक करून सगळे खडक बाहेर ठेवले, तेव्हा कुठे टिकल्या हाती लागला. तीन तास. हॉलभर मीठ. आई दारात उभी राहून एकच म्हणत होती, "अरे, त्याचं काय चुकलं पण?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. डोमिनो मोठा झाला की चौदा सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि आपला खडक राखणं हेच त्याचं काम आहे. तो दुकानात अंगठ्याएवढा होता म्हणून मी त्याला अंगठ्याएवढाच समजत राहिलो.

त्या रविवारनंतर मी निवडायची पद्धत उलटी केली. आता मी पहिला मासा आधी ठरवत नाही, शेवटचा आधी ठरवतो. म्हणजे या टँकचा दादा कोण असणार, ते पहिलं. मग त्याच्याबरोबर कोण टिकेल ते मागे मागे यायचं, आणि टँकमध्ये सोडताना बरोबर उलट क्रम: सगळ्यात भित्रा सगळ्यात आधी, दादा सगळ्यात शेवटी. कारण इथे जो आधी येतो त्याची जागा होते. ट्रेनच्या जनरल डब्यासारखं. आधी बसलेला माणूस स्वभावाने गरीब असला तरी सीटवरून हलत नाही, आणि नंतर चढलेला कितीही आडदांड असला तरी दोन स्टेशनं तरी दाराशी उभा राहतो.

आता एखादा मासा यादीत येणार की नाही, ते कसं ठरवायचं?

पहिलं, तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते बघायचं. दुकानातलं माप विसरा. पँथर ग्रूपर नावाचा एक मासा मिळतो. पिल्लू पांढरंशुभ्र, त्यावर काळे गोल ठिपके, पोहतो तोही नाचल्यासारखा. कुणीही प्रेमात पडेल. पण तो आपल्या मासळी बाजारात ज्याला हेकरू म्हणतात त्याच घराण्यातला आहे, आणि सत्तर सेंटिमीटरपर्यंत वाढतो. माझा टँक साठ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे त्याला माझ्याकडे नीट वळताही येणार नाही. एम्परर एंजलचं तेच. पिल्लू गडद निळं, त्यावर पांढरी वर्तुळं, आणि मोठा झाल्यावर पिवळ्या पट्ट्यांचा चाळीस सेंटिमीटरचा मासा. डोरी, म्हणजे ब्लू टँग, दुकानात काडेपेटीएवढी असते आणि तीस सेंटिमीटरपर्यंत जाते. "नंतर मोठा टँक घेऊ" हे वाक्य मी स्वतः वापरलंय, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे.

मग तोंड. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो एक दिवस तिथे जातो. यात राग, स्वभाव, मैत्री काही नसतं. लायनफिश दिवसभर शांतपणे पंखे पसरून उभा असतो, कुणाशी भांडत नाही, म्हणून लोक त्याला गरीब समजतात. सकाळी कार्डिनल मोजायला गेलात की एक कमी. आणि त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात, साफसफाई करताना तुमचा हात आत असतो, हेही लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, म्हणून जरा रमतो इथे. मासे परक्यापेक्षा आपल्यासारख्यावर जास्त चिडतात. ऑस्ट्रियाचा कोनराड लॉरेंझ, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारा, ज्याला १९७३ चं नोबेल विभागून मिळालं, त्याने १९६३ साली आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाची सुरुवात माणसांपासून किंवा लांडग्यांपासून होत नाही, प्रवाळातल्या माशांपासून होते. त्याने पाहिलं की टँकमध्ये वेगवेगळ्या जातींचे रंगीत मासे एकमेकांकडे दुर्लक्ष करतात, पण आपल्याच जातीचा दिसला की तुटून पडतात. त्यावरून त्याने मांडलं की हे भडक रंग म्हणजे पोस्टर आहेत, "ही जागा घेतलेली आहे" असं आपल्या जातवाल्याला लांबून सांगणारे. पुढे या रंगांच्या सिद्धांताला बरेच अपवाद सापडले, कारण भडक रंगाचे कितीतरी मासे जोडीने किंवा थव्यानेही राहतात. पण टँक ठेवणाऱ्याला त्यातला व्यवहाराचा भाग रोज दिसतो. जो माझ्यासारखा दिसतो तो माझंच खाणार आणि माझ्याच भोकात झोपणार.

म्हणून एकाच आकाराचे दोन टँग, एकाच घराण्यातले दोन बुटके एंजल, दोन प्रकारचे क्लाउनफिश हे एकत्र टाकताना दहा वेळा विचार करा. टँगला सर्जनफिश का म्हणतात माहितीये? शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो, चाकूच. दोन टँग एकमेकांना शेपटी मारतात तेव्हा ते खेळत नसतात.

क्लाउनफिशची गोष्ट तर वेगळीच. जोडीतला मोठा मासा मादी असतो, लहान तो नर. मादी गेली तर नराची मादी होते. या हिशोबाने २००३ च्या निमोच्या सिनेमात बायको गेल्यावर निमोच्या बाबांचं काय व्हायला हवं होतं, ते तुम्हीच ठरवा. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की जोडी जमलेली असेल तर तिसरा क्लाउनफिश आणू नका, कुठल्याही रंगाचा. ती दोघं मिळून त्याला संपवतात.

आणि खाणं. हे यादीत शेवटी येतं, पण मासे मरतात ते बहुतेक वेळा यानेच, आणि आवाज न करता. मँडरिन नावाचा मासा आहे, निळ्या-केशरी नक्षीचा, पैठणीच्या पदरासारखा. तो दिवसभर खडकावरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड वेचून खातो. तुमचे गोळे, फ्लेक्स, त्याला अन्नच वाटत नाहीत. नव्या टँकमध्ये कोपेपॉड फारसे नसतात, त्यामुळे तो सुंदर दिसत दिसत बारीक होतो आणि जातो. बटरफ्लाय फिशमधल्या कित्येक जाती फक्त जिवंत प्रवाळ खातात. त्या तुमच्याकडे जगणारच नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. आणि ज्यांना सगळं चालतं त्यांच्यातही कोण भरभर खातो, कोण हळू, हे बघायला लागतं. रॅस पाण्यात दाणा पडायच्या आत उचलतो. कार्डिनल विचार करत बसतो.

समुद्रघोडा विचारणारेही आहेत तुमच्यात. उत्तर सोपं आहे. भारतात समुद्रघोड्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, टणक सांगाड्याच्या प्रवाळांनाही आहे. समुद्रातून काढलेला "लाइव्ह रॉक" म्हणून जे विकतात, त्यातही प्रवाळच असतं. "चालतं हो, सगळे घेतात" म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. माझे खडक कोरडे, सिरॅमिकचे आहेत. सुरुवातीला ते स्मशानासारखे पांढरे दिसतात, सहा महिन्यांत त्यावर जांभळट-हिरवा थर चढतो आणि ते माणसात येतात.

बरं, मग माझी यादी काय निघाली?

दादा म्हणून मी ठरवला पावडर ब्लू टँग. आकाशी अंग, काळा चेहरा, पिवळा पाठीचा पर. हा आपल्या हिंदी महासागरातलाच. वीस-बावीस सेंटिमीटर होतो, सतत फेऱ्या मारतो, त्यामुळे सहा फुटांपेक्षा लहान टँकमध्ये त्याला ठेवणं म्हणजे धावपटूला लिफ्टमध्ये कोंडणं. तापट आहे. आणि आजारी पडण्यात पहिला नंबर. त्याच्या आसपास इतर कुठलाही टँग नाही, हे त्याच वेळी ठरलं. ज्यांना डोरी हवी होती त्यांना सॉरी. दोन्ही नाही, एकच.

तो शेवटी येणार म्हटल्यावर मागे काय राहतं? क्लाउनफिशची जोडी आहेच, आणि ते आपला एक कोपरा सोडून फार फिरत नाहीत. कार्डिनल दोन वाचलेत, पर परत भरून आले. मग एक फायरफिश. हो, परत. या वेळी तो टिकल्या गेल्यानंतर आणि बाकी कुणीही यायच्या आत गेला, त्याला डावीकडच्या खडकात स्वतःचं बीळ शोधायला तीन आठवडे मिळाले, आणि वर बारीक जाळी आहे. त्यानंतर एक मेलॅनुरस रॅस. तो रात्री वाळूत शिरून झोपतो, म्हणजे झोपायच्या जागेवरून त्याचं कुणाशीच भांडण नाही. वाळू मात्र बारीक आणि दोन-तीन इंच तरी हवी. पहिल्या दिवशी तो वाळूत गेला तो दोन दिवस दिसला नाही, आणि मी व्हिडिओ बघत बसलो की हे नॉर्मल आहे का. नॉर्मल आहे. सिक्स-लाइन रॅसचा मोह झाला होता, तो छोटा आणि स्वस्त. पण तो वयात आला की नंतर येणाऱ्या प्रत्येक लहान माशाच्या मागे लागतो. एक टिकल्या पुरे झाला.

रॅसनंतर एक कोरल ब्युटी, म्हणजे बुटका एंजल, तोही एकच. आणि एक फॉक्सफेस, जो शेवाळ खातो, टँगसारखा पोहतो पण त्याच्यासारखा भांडकुदळ नाही. याचेही काटे विषारी असतात, पण तो ते स्वतःहून मारायला येत नाही.

म्हणजे सगळे मिळून किती झाले? दोन, दोन, एक, एक, एक, एक आणि शेवटी टँग. नऊ. साडेसहाशे लिटरमध्ये नऊ मासे. माझा भाऊ म्हणाला, "एवढाच खर्च करायचा होता तर बादलीत ठेवायचे." पण बघा, टँकमध्ये वर, मध्ये, खाली, वाळूत, खडकात असे थर असतात. कार्डिनल मध्ये तरंगतात, फायरफिश बिळाच्या दाराशी, रॅस वाळूवर, कोरल ब्युटी खडकातून आतबाहेर, फॉक्सफेस मोकळ्या पाण्यात. दोन मासे एकाच थरात आणि एकाच ताटात नकोत. मी लिटर मोजायचं सोडून दिलंय, मी जागा मोजतो.

आता क्वारंटाइन. हा शब्द ऐकून तुमच्यातले निम्मे पुढे ढकलणार मला माहितीये. तरी ऐका.

खाऱ्या पाण्यातला इक नावाचा परजीवी असतो. माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसतात. पाच-सात दिवसांत ते कण गळून पडतात आणि लोक खूश होतात, बरा झाला! बरा नाही झाला. तो परजीवी खाली पडून खडकावर, वाळूत कवच करून बसतो, आत त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी ती सगळी एकदम बाहेर पडून मासा शोधतात. एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की सगळे मासे काढून टँक अडीच महिने रिकामा ठेवण्याशिवाय खात्रीचा उपाय नाही. परत तेच, रोलबॅक नाही. आणि ज्या माशाला कुणीतरी छळतंय तो आधी बळी पडतो, म्हणजे भांडण आणि आजार ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

म्हणून दोन फुटी साधा टँक, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. खडक नाही, वाळू नाही, कारण तांब्याचं औषध वापरायची वेळ आली तर ते खडकात मुरतं. तेच औषध मोठ्या टँकमध्ये टाकाल तर कोळंबी, गोगलगायी सगळं मरेल. मी प्रत्येक मासा इथे चार ते सहा आठवडे ठेवतो. आमच्याकडे स्टेजिंगवर न तपासता थेट प्रॉडक्शनला कोड टाकणाऱ्याला शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो. मासे फोन करत नाहीत एवढाच फरक.

याचा एक फायदा असा की घाई आपोआप बंद होते. एक मासा सहा आठवडे आत, मग पुढचा. जिवाणूंनाही वाढलेल्या घाणीशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो.

सोडायच्या दिवशी मी तीन गोष्टी करतो. दोन-चार खडकांची जागा बदलतो, म्हणजे जुन्यांचे सातबारा रद्द. दिवे मंद करून सगळ्यांना भरपूर खायला घालतो. आणि नव्याला थेट न सोडता भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात, टँकच्या आतच, तीन-चार दिवस ठेवतो. दोन्ही बाजू एकमेकांना बघतात, वास घेतात, काचेवर डोकी आपटून घेतात, पण कुणी जखमी होत नाही. जुन्यांनी डब्याकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली की झाकण उघडायचं. आठवडाभराने पण कुणी डब्याला धडका देतच असेल, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं, आणि मासा अजून डब्यात आहे! हाच काय तो रोलबॅक. टँग आणताना आणखी एक जुगाड चालतो. टँकच्या एका टोकाला बाहेरून आरसा लावायचा. टँग स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो, तेवढा नव्याला श्वास मिळतो.

सगळ्यात शेवटी दुकान. मासा आवडला की पैसे देऊ नका, "याला खाताना दाखवा" म्हणा. चांगला दुकानदार रागवत नाही. क्लाउनफिश आता टँकमध्ये जन्मलेले मिळतात, आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन करून दाखवलंय, त्यामुळे ते मागून घ्या. पण माझ्या यादीतले बाकीचे बहुतेक मासे प्रवाळातून धरून आणलेले असतात. काही देशांत ते पकडताना सायनाइड वापरल्याची उदाहरणं आहेत. असा मासा आठवडाभर झकास दिसतो आणि मग जातो. त्यामुळे जो मासा दुकानात येऊन दोन आठवडे झालेत आणि खातोय, तो कालच आलेल्यापेक्षा थोडा महाग मिळाला तरी मला चालतो.

गेल्या शनिवारी मी पावडर ब्लूसाठी मुंबईला गेलो होतो. मासा होता. रंग असा की फोनमध्ये येत नाही. थर्माकोलचा डबा, बॅटरीवरचा एअरपंप, सगळी तयारी नेली होती. दुकानदाराने माझ्यासमोर नोरी टाकली, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते समुद्री शेवाळ, मग थोडं म्हायसिस. तो बघून दुसरीकडे वळला. पोट आत गेलेलं होतं. मी तासभर उभा होतो, परत टाकून बघा म्हटलं, परत तेच. डबा रिकामा घेऊन आलो. एक्स्प्रेसवेवर दोनदा वाटलं गाडी वळवावी. त्याला मी नेलं असतं तर कदाचित खाल्लंही असतं त्याने. दोन आठवड्यांनी परत विचारणार आहे.

आणि हो, टिकल्या कुठे गेला हे विचारणारे बरेच आहेत. तो ठाण्यातल्या माझ्या मित्राकडे आहे. त्याच्या टँकमध्ये एक हाताएवढा नायजर ट्रिगर आणि असेच धट्टेकट्टे मासे आहेत. तिथे टिकल्या सगळ्यात लहान आहे आणि मजेत आहे. मित्राने काल व्हिडिओ पाठवला, तो आईला दाखवला. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "याच्या कपाळावरची टिकली कुठे गेली रे?" मी म्हटलं, डोमिनो मोठा झाला की ती पुसट होत जाते. तिने व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.

चला, फायरफिशच्या जेवणाची वेळ झाली. भेटू पुढच्या रविवारी.